गोणपाटातले शंभर दाणे

मे महिना संपत आला की मेहकरकडच्या माझ्या मावशीच्या ओसरीत ओल्या गोणपाटाची एक गुंडाळी दिसते. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरायचं तर त्याची उगवण आधी बघावी लागते. मावशी पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ दाणे काढते. चांगलं-वाईट न निवडता त्यातले शंभर मोजते, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडते, वरून दुसरं गोणपाट घालते आणि गुंडाळी करून सावलीत ठेवते. रोज थोडं पाणी शिंपडायचं. सातव्या-आठव्या दिवशी गुंडाळी उलगडायची आणि कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरायचं. कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं. फारच कमी असतील तर ते सोयाबीन सरळ बाजारात.

त्या वर्षी गुंडाळी उलगडली तेव्हा मी तिच्याजवळ बसलो होतो. ब्याऐंशी उगवले होते. मावशीच्या डोक्यावर तेव्हा नुकते बोटभर केस आले होते. स्तनाच्या कॅन्सरची केमो, मग ऑपरेशन, मग शेक म्हणजे रेडिएशन, असं सगळं आदल्या खरिपापासून चाललं होतं. न उगवलेले अठरा दाणे तिने एका बाजूला सारले आणि विचारलं, "बाबू, डॉक्टर म्हन्ले केमो चांगली लागू पडली, गाठ तं विरघळली. मंग आता ते दुसरीकडं कुठी निंघन का नाही, हे कोनी आधीच सांगू शकते काय?"

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात भाकिताला मोठा मान आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट करून भोवती अठरा धान्यं मांडतात, रात्रभर तिथे कोणी फिरकत नाही आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचं नि पिकांचं भाकीत सांगितलं जातं. ते ऐकायला आसपासच्या जिल्ह्यांतून शेतकरी येतात. पुढचं वर्ष कसं जाईल हे कळावं, ही त्या गर्दीची ओढ मला परकी वाटत नाही. मावशीच्या प्रश्नामागेही तीच ओढ होती. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर ज्या प्रकारच्या भाकितातून मिळतं, ते तिच्या मांडीवरच्या गोणपाटासारखं आहे. ते मोजून सांगता येतं, शेकड्यात सांगता येतं आणि त्यावरून पुढे काय करायचं ते ठरवता येतं. शंभरांतल्या अमुक एका दाण्याचं काय होईल, हे मात्र ते सांगत नाही. ही मर्यादा आधीच मान्य केली, तर उरलेलं बरंच काही कळू शकतं.

पहिला घोळ होतो तो 'केमो लागू पडली' या शब्दांचा. बऱ्याच जणींना ऑपरेशनआधी केमो देतात. गाठ मोठी असेल, काखेत पसरलेली असेल किंवा जात आक्रमक असेल तर आधी औषधाने ती आक्रसवायची आणि मग काढायची. दोन-तीन डोसांनंतर हाताला लागणारी गाठ लहान होते, कधीकधी लागतच नाही. मावशीची गाठ पाच सेंटिमीटरची होती. चौथ्या डोसानंतर तिला स्वतःलाच ती सापडेना. असं होणार हे धरूनच काही ठिकाणी केमोआधी गाठीत धातूची बारीकशी क्लिप ठेवतात, म्हणजे गाठ नाहीशी झाली तरी सर्जनला जागा सापडते. पण हाताला न लागणं वेगळं आणि सूक्ष्मदर्शकाखाली न सापडणं वेगळं. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग पॅथॉलॉजिस्टकडे जातो. जिथे गाठ होती ती जागा शोधून तिचे पातळ काप केले जातात, ते रंगवून पाहिले जातात आणि मग रिपोर्ट येतो.

तो रिपोर्ट आपण सहसा वाचत नाही. पिशवीत, आधीच्या सोनोग्राफीच्या नि रक्ताच्या कागदांमध्ये तो पडून असतो. मी मावशीचा काढून पाहिला. त्यावर लिहिलं होतं 'वाय-पी-टी-१-ए, वाय-पी-एन-०'. यातला 'वाय' म्हणजे ही तपासणी औषधोपचार झाल्यावरची आहे. 'पी' म्हणजे काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून केलेली नोंद. 'टी' मूळ गाठीचा, 'एन' काखेतल्या लसिकागाठींचा. मावशीच्या स्तनात चार मिलिमीटरचा कॅन्सर उरला होता, काखेतल्या चौदाही गाठी स्वच्छ होत्या. स्तनात आणि काखेत दोन्हीकडे आत घुसणारा कॅन्सर अजिबात सापडला नाही, तर त्याला पूर्ण प्रतिसाद म्हणतात. मावशीचा प्रतिसाद फार चांगला होता, पण पूर्ण नव्हता.

आपल्याकडे असलेल्या भाकितांमध्ये या एका कागदाचं भाकीत फार मोलाचं आहे, असं माझं मत झालं आहे. 2014 साली 'द लॅन्सेट'मध्ये बारा चाचण्यांमधल्या 11,955 रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. ज्यांना पूर्ण प्रतिसाद मिळाला होता त्यांना आजार उलटण्याचा धोका इतरांच्या निम्म्याच्या आसपास होता. पण गाठीच्या जातीप्रमाणे या खुणेचं वजन बदलत होतं. ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे ज्या गाठीवर ईआर, पीआर या हार्मोनच्या खुणा आणि हर-टू, यांपैकी एकही खूण नसते, ती जात. आणि हर-टू असलेली पण हार्मोनच्या खुणा नसलेली जात. या दोन्हींत पूर्ण प्रतिसादावरून पुढचं बरंच सांगता येतं. हार्मोन पॉझिटिव्ह आणि संथ वाढणाऱ्या जातीत शंभरांतल्या जेमतेम सात-आठ जणींनाच पूर्ण प्रतिसाद मिळतो, आणि तरीही या जातीतल्या पुष्कळ जणी पुढे वर्षानुवर्षं ठणठणीत राहतात. मावशीची गाठ याच जातीची. म्हणून 'चार मिलिमीटर उरला' हे वाचून घाबरण्यासारखं काही नव्हतं.

नुसतं 'उरला' आणि 'नाही उरला' असं न म्हणता 'किती उरला' हे मोजायची पद्धत 2007 साली अमेरिकेतल्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या डॉ. फ्रेझर सिमन्स आणि सहकाऱ्यांनी मांडली. उरलेल्या जागेची लांबी-रुंदी, त्या जागेत प्रत्यक्ष कॅन्सरपेशींचं प्रमाण, काखेतल्या किती गाठींत कॅन्सर आहे आणि त्यातला सर्वांत मोठा ठिपका केवढा, हे घेऊन एक आकडा काढतात आणि शून्य ते तीन अशा चार पायऱ्यांत बसवतात. 2022 मध्ये 5,161 रुग्णांवर ही पद्धत पडताळली गेली आणि सगळ्या जातींत ती टिकली. जितका उरलेला भार जास्त, तितका लांब पसरण्याचा धोका जास्त.

आणि हे भाकीत ऐकून नुसतं बसायचं नसतं. जपान आणि दक्षिण कोरियातल्या 910 रुग्णांवर एक चाचणी झाली. केमोनंतरही कॅन्सर उरलेल्या या बायकांपैकी निम्म्यांना कॅपेसिटाबिन नावाच्या गोळ्या आणखी काही महिने दिल्या. पाच वर्षांनी आजाराशिवाय असलेल्यांचं प्रमाण 67.6 टक्क्यांवरून 74.1 टक्क्यांवर गेलं. ट्रिपल निगेटिव्हमध्ये फरक आणखी मोठा होता. हर-टू पॉझिटिव्ह गाठ उरलेल्यांसाठी टी-डीएम-1 या औषधाने तीन वर्षांचा तोच आकडा 77 वरून 88.3 टक्क्यांवर नेला. ते औषध फार महाग आहे. कॅपेसिटाबिन मात्र आपल्याकडे मिळणारी, घरी बसून घ्यायची गोळी आहे. एखाद्या मलकापूरच्या किंवा सिंदखेडराजाच्या बाईला ती मिळेल की नाही, हे पिशवीतला तो कागद कोणी नीट वाचला का यावर अवलंबून असतं. म्हणून मी भेटेल त्याला सांगतो, तो रिपोर्ट प्लास्टिकमध्ये घाला, त्याच्या दोन झेरॉक्स काढा आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरसमोर सगळ्यात आधी तोच ठेवा.

आता मावशीच्या प्रश्नाचा दुसरा भाग: 'दुसरीकडं' म्हणजे कुठे, आणि का?

1889 साली लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या 735 बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. पेशी रक्ताबरोबर वाहून जिथे अडकतील तिथे वाढतात, असं असतं तर भरपूर रक्त मिळणाऱ्या प्लीहेत त्या पुष्कळ सापडायला हव्या होत्या. नोंदींत यकृतात 241 जणींना गाठी होत्या, प्लीहेत फक्त 17 जणींना. पॅजेट यांनी लिहिलं की झाडाचं बी वाऱ्याबरोबर चहूकडे जातं, पण रुजतं ते मानवेल त्या जमिनीतच. देऊळगाव राजाकडे शेडनेटमध्ये बीजोत्पादनाचे प्लॉट घेणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरजच नाही. स्तनाच्या कॅन्सरला मानवणारी जमीन म्हणजे प्रामुख्याने हाडं, फुप्फुसं, यकृत आणि मेंदू.

बी उडालं म्हणजे उगवलंच असंही नाही. 2005 साली 4,703 रुग्णांच्या अभ्यासात निदानाच्या वेळीच सुमारे तीस टक्के जणींच्या हाडांच्या मगजात कॅन्सरच्या तुरळक पेशी सापडल्या. त्यांच्यात आजार पुढे उलटण्याचा धोका वाढलेला होता, पण सगळ्यांना तो उलटला नाही. या पेशी तिथे निपचित पडून राहतात. केमो प्रामुख्याने विभागणाऱ्या पेशींना मारते, झोपलेल्या पेशीला ती फारशी लागत नाही. उन्हाळी वखरणीने वर आलेलं तण मरतं आणि खाली दबलेलं बी पुढच्या पावसाची वाट बघत राहतं, तसंच हे. गाठ विरघळली तरी कित्येक वर्षांनी आजार दुसरीकडे का निघतो, याचं मोठं कारण हे आहे.

किती वर्षांनी, हेही जातीवर ठरतं. ट्रिपल निगेटिव्ह उलटायचा असेल तर बहुधा पहिल्या तीन वर्षांत उलटतो. पाच वर्षं निर्धास्त गेली की धोका बराच उतरतो. हार्मोन पॉझिटिव्हचं तसं नाही. पाच वर्षं हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या घेऊन आजार न उलटलेल्या 62,923 बायकांचा पाठपुरावा 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात पुढच्या पंधरा वर्षांत, मूळ गाठ लहान आणि काख स्वच्छ असलेल्यांपैकी 13 टक्के आणि मोठी गाठ व काखेतल्या चार ते नऊ गाठींत कॅन्सर असलेल्यांपैकी 41 टक्के जणींना आजार लांबवर निघाला. म्हणून 'पाच वर्षं झाली, सुटलो' असं म्हणून टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल स्वतःच्या मनाने बंद करू नये. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने पहिल्या पंधरा वर्षांतले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. मावशी गोळी चहाच्या डब्याशेजारी ठेवते, म्हणजे सकाळी चुकत नाही.

पेशी मुळात बाहेर पडतात कुठून? न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये डॉ. जॉन कॉन्डीलिस, डॉ. माया ओक्ताय आणि सहकाऱ्यांनी जिवंत उंदरांच्या गाठीत सूक्ष्मदर्शकाने पाहून एक गोष्ट टिपली. रक्तवाहिनीच्या भिंतीला लागून तीन पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात: भिंतीची एक पेशी, एक मॅक्रोफेज आणि हालचालीला मदत करणारं मीना नावाचं प्रथिन ज्यात भरपूर आहे अशी एक कॅन्सरपेशी. मॅक्रोफेज एरवी आपल्या शरीरातले सफाई आणि डागडुजीचे कामगार. पण इथे त्यांच्या इशाऱ्याने वाहिनीची भिंत थोडा वेळ उघडते आणि तेवढ्यात कॅन्सरपेशी रक्तात शिरते. संशोधकांनी याला दार म्हटलं. काढलेल्या गाठीच्या स्लाइडवर अशी दारं मोजता येतात, आणि दारं जास्त तर पसरण्याचा धोका जास्त, असं माणसांच्या गाठींतही दिसून आलं.

2017 साली याच गटातल्या डॉ. जॉर्ज कारायान्निस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की केमो दिल्यावर उंदरांच्या गाठी लहान होतात, पण काही वेळा ही दारं मात्र वाढतात. केमोने झालेली इजा बुजवायला मॅक्रोफेज गोळा होतात, आणि त्यातलेच काही दारावर जाऊन बसतात. थोड्या रुग्णांच्या केमोनंतरच्या नमुन्यांतही काही जणींत दारं वाढलेली आढळली. या मॅक्रोफेजना रोखणाऱ्या औषधाने उंदरांमध्ये दारं बंद ठेवता आली.

ही बातमी तेव्हा 'केमोने कॅन्सर पसरतो' अशा मथळ्यांनी फिरली, आणि आजही कोणीतरी ती मोबाइलवर पाठवतं. याचा मला मनापासून त्रास होतो, कारण ती वाचून अर्ध्यातून केमो सोडणाऱ्या बाईचं नुकसान भरून निघत नाही. माणसांवरचा हिशेब स्वच्छ आहे. सुमारे एक लाख बायकांच्या चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात केमोने स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी केले. 2018 साली आणखी एक तपासणी झाली: तीच केमो ऑपरेशनआधी दिली आणि नंतर दिली तर लांब पसरण्यात फरक पडतो का? दहा चाचण्या, 4,756 बायका, पंधरा वर्षं. आधी दिलेल्यांत 38.2 टक्के, नंतर दिलेल्यांत 38.0 टक्के. आधीची केमो दारं उघडून मोठ्या प्रमाणावर कॅन्सर पसरवत असती, तर या दोन आकड्यांत अंतर पडलंच असतं. दारांचं संशोधन उपयोगाचं आहे ते कोणत्या बाईला जास्त जपायचं हे ओळखण्यासाठी. केमो नाकारायला त्याचा आधार घेऊ नये.

केमो लागू पडल्यानंतर काय होतं याचं एक मोलाचं उत्तर मुंबईत परळला, टाटा मेमोरियलमध्ये मिळालं. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी 2005 ते 2013 मध्ये 350 अशा बायका घेतल्या, ज्यांच्यात निदान झालं तेव्हाच कॅन्सर शरीरात दुसरीकडे पोचला होता आणि केमोने तो आटोक्यात आला होता. निम्म्यांची मूळ गाठ ऑपरेशन करून काढली आणि शेक दिला, निम्म्यांची काढली नाही. मूळच उपटलं तर वेल सुकेल, असंच कोणालाही वाटेल. दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण होतं 41.9 टक्के आणि 43 टक्के, म्हणजे फरक नव्हताच. उलट गाठ काढलेल्यांत स्तनाची जागा आटोक्यात राहिली, पण लांबच्या गाठी लवकर वाढल्या. हे निष्कर्ष 2015 मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आले. ज्यांचा आजार पसरलेला नाही त्यांना हे लागू नाही, त्यांना ऑपरेशन हवंच. पण गाठीवर हात टाकण्याची क्रियाच लांबच्या पेशींना जागं करत असेल का, हा प्रश्न त्यातून अधिक टोकदार झाला.

त्याच गटाने मग तो प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. ऑपरेशनच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं, दाताचा डॉक्टर बधिर करायला देतो तेच. सोळाशे बायकांची ही चाचणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. या सगळ्या जणींचं ऑपरेशन केमोआधी झालं होतं. पाच वर्षांनी आजाराशिवाय असलेल्यांचं प्रमाण 82.6 टक्क्यांवरून 86.6 वर आणि जिवंत असलेल्यांचं 86.4 वरून 90.1 वर गेलं. एवढ्या स्वस्त औषधाने एवढा फरक, हे वाचून मी तो आकडा पुन्हा पुन्हा पाहिला होता. इतर देशांत त्याची फेरतपासणी झाली पाहिजे, आणि ऑपरेशनआधी केमो घेतलेल्या बायकांतही ते लागू पडतं का हे पाहिलं पाहिजे.

आमच्या भागातून उपचाराला नि पुढच्या तपासणीला कोणी अकोल्याला संत तुकाराम हॉस्पिटलात जातं, कोणी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, कोणी नागपूरला तुकडोजींच्या नावाच्या रुग्णालयात. आणि कोणी शेगाव नाही तर मलकापूरहून रात्रीची गाडी धरून पहाटे दादरला उतरतं, गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळते का बघतं. एवढं लांब गेल्यावर 'सगळ्या अंगाचा स्कॅन करूनच टाका' असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटलं होतं. पण 1994 साली इटलीत 1,320 बायकांवर हे तपासून झालेलं आहे. काही त्रास नसताना ठरावीक काळाने हाडांचे स्कॅन, छातीचे एक्स-रे, सोनोग्राफी करत राहिल्याने त्या जास्त जगल्या नाहीत. त्यामुळे नियमित तपासणीत पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवणं, मग अंतर वाढवत नेणं, आणि वर्षाला मॅमोग्राफी एवढंच येतं. रक्तात तरंगणारे कॅन्सरच्या डीएनएचे तुकडे पकडून स्कॅनच्या आधी कित्येक महिने आजार ओळखायच्या चाचण्या आल्या आहेत. पण लवकर कळल्याने आयुष्य वाढतं असं सिद्ध होईपर्यंत त्यासाठी शेत गहाण टाकू नये, हे मी माझ्या घरात ठामपणे सांगितलं.

स्कॅनपेक्षा महत्त्वाचं असतं ते कोणत्या दुखण्याला उठायचं हे माहीत असणं. एकाच जागी, आठवड्यांमागून आठवडे राहणारं आणि रात्री झोपेतून उठवणारं हाडाचं दुखणं, न हटणारा खोकला किंवा धाप, कावीळ, नवी, वाढत जाणारी डोकेदुखी, काखेत किंवा ऑपरेशनच्या व्रणावर नवी गाठ. मावशीला हे मी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं आणि तिने ते देवघराच्या भिंतीला डकवलं.

तिसऱ्या वर्षी कापूस वेचायच्या दिवसांत तिची कंबर धरली. पहिले आठ दिवस ती काही बोलली नाही. मग भिंतीवरचा कागद वाचून तिनेच फोन केला. "बाबू, रातच्यानं दुखून ऱ्हायलं, एकाच जागी." आम्ही अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी आधी तो जुना रिपोर्ट मागितला, चार मिलिमीटर आणि चौदा स्वच्छ गाठी पाहिल्या, मग मणक्यावर टिचकी मारून बघितलं आणि एमआरआय लिहून दिला. मणक्याची झीज निघाली. परतताना बाळापूरच्या पुढे गाडीत तिने ती मोठी फिल्म उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली आणि मग पिशवीत रिपोर्टच्या मागे सरकवून ठेवली. फरतडीचा कापूस अजून शेतात उभा होता. उद्या वेचायला किती बाया सांगायच्या, याचा हिशेब तिने खामगाव येईपर्यंत बोटांवर केला.